तांब्याच्या पेटीतला भुंगा

सुई अजून तबकडीला टेकलीही नव्हती, तोच स्पीकरमधून गुणगुण सुरू झाली. खालच्या पट्टीतली, एकसारखी, श्वास न घेणारी. बैठकीच्या खोलीत पंचवीसेक माणसे हातात कॉफीचे कप आणि लोणी लावलेले पाव घेऊन उभी होती. भेटवस्तूचा पहिला आवाज ऐकायचा म्हणून ती सगळी आदराने गप्प झाली होती, आणि त्या शांततेमुळे गुणगुण होती त्याहून मोठी वाटत होती.

निस लोरेन्सेनने उजवा हात कोटाच्या खिशात घातला आणि डाव्या हाताने आवाजाचे बटण मागे फिरवले. गुणगुण उतरली. पुन्हा पुढे नेले, गुणगुण चढली.

"आत माशी अडकली वाटतं," त्याच्या जावयाचा, हाउकेचा, एक चुलतभाऊ म्हणाला आणि दोघेतिघे हसले.

"असू दे ना, बाबा," बोटिल म्हणाली. "गाणं सुरू झालं की ऐकूसुद्धा येणार नाही."

मुलीने हे मायेने म्हटले होते. पण ज्याने चाळीस वर्षे रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली, त्याचे याहून जिव्हारी लागेल असे सांत्वन करता आले नसते.

बोटिल आणि हाउके यांच्या लग्नाला त्या दिवशी साडेबारा वर्षे पूर्ण झाली होती. दारावरच्या हिरव्या कमानीला एका बाजूने तांब्याच्या चकत्या आणि दुसऱ्या बाजूने कोथिंबिरीसारख्या पार्स्लीच्या जुड्या लटकत होत्या. सीमेपलीकडच्या डॅनिश माणसांत साडेबारा वर्षांनी तांब्याचे लग्न साजरे होते आणि हाउकेच्या फ्लेन्सबुर्गकर जर्मन आप्तांत पार्स्लीचे. पहाटे सहा वाजता शिड्या घेऊन आलेल्या दोन्ही पक्षांपैकी एकानेही माघार घेतली नव्हती. "तांबं सातव्या वर्षी असतं," हाउकेची आई शिडीखालून ठणकावून सांगत होती. "तुमच्याकडे साडेबारापर्यंत काय करतात, वाट बघतात?"

निसने आणलेली भेट खरोखरच तांब्याची होती. डेन्मार्कमधल्या आपल्या होयर गावातल्या बंद पडलेल्या दुग्धशाळेच्या एका जुन्या हंड्याचा पत्रा त्याने मिळवला होता आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, स्वयंपाकघरामागच्या खोलीत बसून, त्यातून एक पेटी घडवली होती. रेकॉर्डच्या सुईतून निघणारा आवाज फार दुबळा असतो. तो जरा मोठा आणि नीटस करून ॲम्प्लिफायरच्या हवाली करणे एवढेच या पेटीचे काम. आत तीन व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असत तसे काचेचे, तापले की नारिंगी उजळणारे. अख्खा हिवाळा निस त्या पेटीतली गुणगुण घालवत बसला होता. तारांना पीळ घातले, ट्रान्सफॉर्मर फिरवून फिरवून लावला, शेवटी त्याला लोखंडी डब्यात कोंडले. आणि मार्चमध्ये एका दुपारी पेटी पूर्ण मुकी झाली. त्या दिवशी त्याने केट्टीला, आपल्या बायकोला, स्वयंपाकघरातून हाताला धरून आणून काहीच न ऐकायला बसवले होते.

या पेटीत त्याचे दोन हेतू अडकलेले होते. एक केट्टीला ठाऊक होता. उजव्या हाताचा कंप थांबणार नाही, वाढतच जाईल, असे डॉक्टरने सांगितल्यापासून ही आपल्या हातची शेवटची वस्तू असे तो धरून चालला होता. दुसरा हेतू त्याने कोणालाच सांगितला नव्हता. लग्नाच्या जेवणात वधूपित्याने भाषण करायचे असते, निसने चार वाक्यांचे केले होते आणि त्यातले तिसरे वाक्य असे होते: "जावई इलेक्ट्रिशियन आहे, तेव्हा आमच्या मुलीच्या घरात निदान बल्ब बदलायला माणूस असेल." सगळे हसले होते. हाउकेही हसला होता. पण तेव्हापासून साडेबारा वर्षे तो निसशी अत्यंत नीट वागत आला होता, आणि त्या नीटपणाला कुठूनच दार नव्हते. तोंडाने परत घेता न आलेले ते वाक्य निसला या पेटीने परत घ्यायचे होते. त्यासाठी ती या घरात, हाउकेसमोर, निःशब्द असायला हवी होती.

तो हाउकेजवळ सरकला. "प्लगच्या दोन्ही कडांच्या अर्थिंगच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लाव," तो हळू आवाजात म्हणाला. "अर्थिंग तुटलं की गुणगुण जाईल. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही," हाउके म्हणाला.

"अरे, सगळे असंच करतात."

"करतात, मला माहीत आहे. लोकांच्या घरी मीच जाऊन ते काढतो." हाउकेने आवाज चढवला नाही. "आत अडीचशे व्होल्ट, बाहेर तांब्याचा पत्रा, आणि त्यावर रोज बोटिलचा हात. या घरात नाही, निस."

तो बरोबर होता. तो बरोबर आहे हे निसला वाक्य संपण्याआधीच कळले होते, आणि म्हणूनच त्याच्या तोंडून पुढचे निघून गेले: "मग आधी या घराचं वायरिंग तपासून घे."

घरातली तार न् तार हाउकेने स्वतः ओढलेली होती. आसपासच्या दोनचार जणांनी कपात पाहिले.

"तपासतो," हाउके एवढेच म्हणाला.

दुपारी निस ती पेटी, आणताना गुंडाळली होती त्याच घोंगडीत गुंडाळून परत घेऊन निघाला. गाडी केट्टी चालवत होती. हिवाळ्यापासून तीच चालवत असे. सीमा मागे पडली, दोन्ही बाजूंना सपाट कुरणे आणि मेंढरे सुरू झाली, तेव्हा तिने विचारले, "त्याला काही बोललास का निघताना?"

"काय बोलायचं?"

"बरं. अजून चाळीस किलोमीटर आहेत, सुचेल काहीतरी."

होयरला पोहोचल्यावर निसने कोटही काढला नाही. पेटी कामाच्या टेबलावर ठेवली, जुना रेकॉर्ड-प्लेअर आणि ॲम्प्लिफायर जोडला, प्लग भिंतीत खुपसला आणि व्हॉल्व्ह तापण्याची वाट पाहत उभा राहिला. मग बटण शेवटपर्यंत फिरवले.

काही नाही. खिडकीबाहेर बांधावरून वारा वाहत होता, तेवढाच.

"केट्टी!" तो ओरडला. "ये, ऐक! त्यांच्याच घरात दोष आहे!"

केट्टी दारात उभी राहून ऐकत राहिली. "म्हणजे तुला आनंद झाला," ती म्हणाली.

त्याने मुलीला फोन लावला. केट्टीने फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला, म्हणजे त्याला हातात धरावा लागू नये. निसने विजयाची बातमी दिली. पलीकडे बोटिल म्हणाली, "बाबा, तुम्ही मला विचारलंच नाही."

"काय?"

"मोठा भुंगा की धाकटा."

निस खुर्चीवर बसला. बोटिल पाच-सहा वर्षांची असताना शाळा सुटल्यावर त्याच्या दुकानात येऊन काउंटरखाली बसत असे. गुणगुणणारा रेडिओ दुरुस्तीला आला की तो तिला विचारायचा: आत मोठा भुंगा आहे की धाकटा? आणि ती पोर रेडिओला कान लावून तो सूर जशाच्या तसा गाऊन दाखवायची. धाकटा भुंगा वरच्या सप्तकातला. तो असला की पेटीच्या आतच वीज नीट गाळली जात नाही असे समजायचे. मोठा त्याच सुराचा, पण खालच्या सप्तकातला. तो भिंतीतल्या विजेचा स्वतःचा सूर, कुठून तरी चोरवाटेने आत आलेला. मापन करायचे यंत्र दुकानात होते, पण बोटिल त्याहून लवकर सांगायची. आता ती फ्लेन्सबुर्गच्या डॅनिश शाळेत संगीत शिकवत होती.

"विचारतो आता," निस म्हणाला. "गाऊन दाखव."

फोनमधून एक खोल, घशातला सूर आला, मध्येच हसू फुटून मोडला, आणि पुन्हा लागला.

"मोठा," निस म्हणाला.

"मोठा. आणि उजवीकडून जास्त येत होता."

"दोन्हीकडून सारखाच होता."

"उजवीकडून जास्त होता, बाबा."

निसचा उजवा कान गेली तीन वर्षे डाव्याइतका चालत नव्हता. त्याने वाद घातला नाही.

"एक मिनिट हं, हाउकेला काही विचारायचं आहे," बोटिल म्हणाली, आणि मग जावयाचा सावकाश, किनाऱ्याकडच्या हेलाचा आवाज आला: "निस, तो प्लग तुम्ही तिथं कशात लावलाय?"

"कशात म्हणजे? भिंतीत."

"जर्मन प्लग आहे ना त्याला?"

"तुमच्याकडे यायची होती पेटी. मग जर्मनच लावणार."

"हो," हाउके म्हणाला. "बरोबर आहे."

निसने भिंतीकडे पाहिले. डॅनिश सॉकेटला दोन गोल डोळे असतात आणि खाली हसऱ्या तोंडासारखी एक खाच. अर्थिंगची वायर त्या तोंडातून येते. जर्मन प्लगचे अर्थिंग कडांच्या पट्ट्यांत असते, तोंडात जायला त्याला जीभच नसते. दोन डोळ्यांत तो छान बसतो, यंत्र चालते, आणि अर्थिंग मात्र कुठेही लागलेले नसते. सीमेपलीकडून स्वस्तात आणलेले गावातले निम्मे व्हॅक्यूम क्लीनर असेच चालत होते. निसच्या दुकानात काउंटरवर एक काचेची बरणी असे. जर्मन प्लगला डॅनिश जीभ लावून देणारे जोड तिच्यात भरलेले असत, आणि जोड न घेता जाणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दारापर्यंत जाऊन झापत असे.

मुलीच्या घरचा विचार करून प्लग लावला आणि स्वतःच्या भिंतीचा विचार केलाच नाही. अख्खा हिवाळा ही पेटी अर्थिंगवाचून चालली होती. म्हणूनच मुकी होती. आत एखादी तार सुटून पत्र्याला टेकली असती तर...

केट्टी दर शुक्रवारी त्या टेबलावरून आणि पेटीवरून ओले फडके फिरवत असे. पेटी चालू असली तरी. तांबे चमकलेले तिला आवडायचे.

"निस?" हाउके म्हणाला. "आहात ना?"

"आहे," निस म्हणाला. त्याने वाकून प्लग उपसून काढला. "केट्टी, त्या पेटीला हात लावू नकोस. मी सांगेपर्यंत नाही." मग फोनकडे तोंड करून, जे चाळीस किलोमीटरमध्ये सुचले नव्हते ते तो म्हणाला: "तुझं घर बरोबर आहे. माझं चुकलं."

पलीकडून हाउके म्हणाला, "शनिवारी येऊ का? माझा ॲम्प्लिफायर घेऊन येतो. दोन्ही यंत्रांना अर्थिंग दिल्याशिवाय दोष दिसायचा नाही."

"ये," निस म्हणाला.

शनिवारी सकाळी हाउके आला. त्याने ॲम्प्लिफायर टेबलावर ठेवला, खिशातून जिभेचे दोन जोड काढून बाजूला मांडले, आणि मग हात पुसत म्हणाला, "घरातलं वायरिंग मी तपासलं. सगळं."

"अरे, ते मी असंच..."

"तुम्ही म्हणालात म्हणून तपासलं. बाथरूमच्या दिव्यात एक स्क्रू ढिला सापडला." तो किंचित हसला. "बल्बच्या अगदी मागेच."

निसने त्याच्याकडे पाहिले. त्या शब्दात जाणूनबुजून काही होते की नाही हे त्याला ठरवता येईना. "माझ्या दुकानात या जोडांची बरणी होती," तो म्हणाला. "दीड हजार तरी विकले असतील."

"तरीच घरात एकही उरला नाही," हाउके म्हणाला. स्वयंपाकघरातून केट्टीचे हसणे ऐकू आले.

दोन्ही यंत्रांना अर्थिंग मिळाले, व्हॉल्व्ह तापले, निसने बटण फिरवले, आणि होयरच्या त्या खोलीत मोठा भुंगा जागा झाला.

"आला!" निस म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. जो दोष समोर यायला तयार असतो तो अर्धा दुरुस्त झालेला असतो, हे त्याच्या धंद्यातले सुख हाउकेच्याही धंद्यातले होते; दोघेही पुढे वाकून ऐकू लागले, जणू पाहुणा आला होता.

"उजवीकडून जास्त आहे," हाउके म्हणाला.

"ते मला कळलंय. तुझ्या बायकोनं सांगितलंय."

त्याने पेटी बंद करून उलटी केली, प्लग काढून दोघांना दिसेल असा टेबलावर ठेवला, आतली वीज पूर्ण ओसरली याची खात्री करून घेतली आणि झाकण काढले. आत तारा ओळीने, शिस्तीत, केसांचा भांग पाडावा तशा बसवल्या होत्या. हाउके बराच वेळ नुसता पाहत राहिला. "हे सगळं हातानं?" त्याने विचारले.

"मग काय पायानं?"

निसने समजावून सांगितले. दोन यंत्रांना भिंतीतून अर्थिंग आले आणि त्यांच्यामध्ये आवाजाची केबलही जोडली, की त्या दोन वाटांचे एक गोल कडे तयार होते आणि भिंतीतली वीज त्यात घिरट्या घालू लागते. हे त्याला माहीत होते. म्हणूनच आवाजाच्या तारा त्याने पत्र्याला थेट जोडलेल्या नव्हत्या. मध्ये वीज अडवणारा दहा ओहमचा एक छोटा रोधक ठेवला होता, फाटकावर बसवलेल्या राखणदारासारखा. पेटीच्या मागे आवाजाच्या केबल जोडायच्या चारही सॉकेटना पत्र्यापासून वेगळे ठेवणारे वॉशर होते. कडे तुटलेले होते. गुणगुण यायला नको होती.

"मग कुठंतरी सॉकेट पत्र्याला टेकलंय," हाउके म्हणाला.

"नाही. मी मीटरनं तपासलंय. चारही."

"आकडे किती आले?"

निस थांबला. "घंटी लावून तपासलं," तो म्हणाला.

मीटरच्या दोन सुया दोन टोकांना लावल्या आणि मधून वाट असली की घंटी वाजते. आकड्याकडे पाहावे लागत नाही. घंटी वाजली म्हणजे जोड आहे. पण दहा ओहम मध्ये असले तरी ती वाजते आणि थेट जोड असला तरी वाजते. राखणदार फाटकावर आहे की पळून गेला आहे, हे घंटीला कळत नाही. निसला हे पस्तीस वर्षांपूर्वी झोपेतून उठवून विचारले असते तरी त्याने सांगितले असते. मग त्याने घंटी का लावली? हाउकेने हे विचारले नाही, पण प्रश्न टेबलावर येऊन बसला होता.

"आकडा वाचायचा तर सुया स्थिर धराव्या लागतात," निस म्हणाला.

त्याने खिशातून उजवा हात काढला आणि दोघांच्या मध्ये, दिव्याखाली ठेवला. हात तिथे एकटाच थरथरत राहिला. नखाचा टेबलावर बारीक आवाज होत होता.

हाउकेने हाताकडे पाहिले, मग पेटीतल्या शिस्तीत बसलेल्या तारांकडे पाहिले. "नोव्हेंबरपासून?" त्याने विचारले.

"त्याच्याही आधीपासून."

"आणि हे सगळं असल्या हातानं?"

"वेळ लागतो," निस म्हणाला. "दोन ठोक्यांच्या मध्ये सोल्डर लावायचं. सवय होते."

सांत्वनाचे कोणते वाक्य येते याची निस धास्तीने वाट पाहत राहिला, पण हाउकेने मीटर उचलून त्याच्यासमोर ठेवले, सुया स्वतःच्या दोन हातांत घेतल्या आणि म्हणाला, "मी धरतो. तुम्ही वाचा. कुठून सुरू करायचं, सांगा."

तसे त्यांचे काम सुरू झाले. निस बोट दाखवी, हाउके सुई टेकवी. एक पत्र्याला, एक सॉकेटच्या कडेला.

"शून्य पूर्णांक एक," निसने वाचले. "दहा यायला हवेत. राखणदार पळालाय."

"कुठल्या सॉकेटनं पळवला?"

"चारही आतून एकत्र जोडलेत. एक टेकलं तरी चारही टेकल्यासारखी दिसणार. एकेक सैल करावं लागेल. उजवीकडचं, आवाज आत आणणारं आधी."

हाउकेने नट सैल केला, सॉकेट बोटाने पत्र्यापासून हलवले. आकडा ढळला नाही. त्याने नट पुन्हा आवळला.

"आता उजवीकडचं, आवाज बाहेर नेणारं. हळू हं. तिथं जागा कमी आहे."

"सासरेबुवा, मी बल्बसुद्धा बसवलेले आहेत."

निसने मान वर केली. हाउके नटाकडेच पाहत होता, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. साडेबारा वर्षांत ते वाक्य या दोघांच्या मध्ये पहिल्यांदा कोणीतरी उच्चारले होते.

"ते मी बोलायला नको होतं," निस म्हणाला. "लग्नात."

"माहीत आहे." हाउकेने नट एक वेढा फिरवला. "मला तेव्हा काय राग आला माहितीये? वाक्याचा नाही. सगळ्यांना हसू आलं आणि मला उत्तर सुचलं नाही, त्याचा. उत्तर सुचायला साडेबारा वर्षं लागली." त्याने आणखी एक वेढा दिला. "आकडा बघा."

मीटरवरचा आकडा उडाला, थरथरला आणि स्थिरावला.

"दहा पूर्णांक दोन," निस म्हणाला. "तेच. तेच आहे. खोल."

सॉकेट बाहेर निघाले. त्याच्या मागे, सोंगटीएवढा काळा वॉशर होता. एका जागी केसाएवढी चीर, आणि चिरेतून तांबे चमकत होते. नट आवळताना हात एकदा जोरात झटकला होता. जानेवारीतली ती दुपार निसला आठवली. काहीतरी कट्‌ वाजले होते, आणि ते काय होते हे पाहायला तो थांबला नव्हता. थांबला असता तर त्या दिवशी हाताने पुन्हा साथ दिली नसती. त्याने डब्यातून नवा वॉशर शोधून दिला. बसवला हाउकेने, पण कुठल्या बाजूने, किती आवळायचा आणि कुठे थांबायचे ते निसने सांगितले.

झाकण लावण्याआधी निसने खणातून टोकदार लोखंडी लेखणी काढली. दुकानात ही चाल होती: दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राच्या आत, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, तारीख आणि दुरुस्त करणाऱ्याची अक्षरे लिहायची. पुढे कधी कोणी ते उघडले, तर आधी कोणाचा हात लागला होता हे त्याला कळावे. पेटीच्या तळाशी मार्चची तारीख आणि निसची दोन अक्षरे आधीच होती. अक्षरे वाकडी होती.

"लिही," त्याने लेखणी हाउकेपुढे धरली. "दुरुस्ती करणाऱ्यानं लिहायचं असतं."

"दुरुस्ती तुम्ही केलीत. मी नुसता नट फिरवला."

"मी तरी चाळीस वर्षं दुसरं काय केलं?" निस म्हणाला. "लिही रे. कॉफी गार होतेय."

हाउकेने त्या वाकड्या अक्षरांच्या शेजारी स्वतःची अक्षरे कोरली, मुद्दाम सरळ नाही की वाकडी नाही, जशी आली तशी. मग दोघे स्वयंपाकघरात गेले. केट्टीने राय धान्याच्या काळ्या पावाचा केक कापून ठेवला होता आणि टेबलाच्या मधोमध तो मोडका वॉशर बशीत मांडला होता.

"हेच का ते?" तिने विचारले. "याच्यासाठी सगळ्या पाहुण्यांसमोर तोंड पाडून आलो आपण?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, पेटी फ्लेन्सबुर्गला परत गेली. दारावरची कमान अजून काढलेली नव्हती. पार्स्ली पिवळी पडली होती आणि तांब्याच्या चकत्या वाऱ्याने एकमेकींवर आपटत होत्या. या वेळी पाहुणे नव्हते. हाउकेने प्लग लावला, तो जर्मन भिंतीत दोन्ही कडांनी घट्ट बसला. व्हॉल्व्ह उजळेपर्यंत चौघेही खुर्च्यांवर बसून राहिले. बोटिलने कॉफी ओतली.

निसने बटण शेवटपर्यंत फिरवले आणि तो मुलीकडे पाहू लागला. स्वतःच्या कानांवर त्याचा आता पूर्ण भरवसा नव्हता. त्याला काही ऐकू येत नव्हते, पण तेवढ्यावर तो समाधान मानायला तयार नव्हता. बोटिल उठली, आधी डाव्या स्पीकरला आणि मग उजव्याला कान लावून उभी राहिली. डोळे मिटले. काउंटरखाली बसलेल्या पोरीचे डोळे असेच मिटत.

"काही नाही," ती म्हणाली.

"मोठाही नाही?"

"मोठाही नाही, धाकटाही नाही."

"बघा," केट्टी म्हणाली. "काहीच नाही, ते ऐकायला आज पुन्हा सीमा ओलांडून आलो."

निसने कप उचलला. या घरात तो नेहमी डाव्या हाताने पीत असे, उजवा खिशात. आज त्याने उजवा हात बाहेरच ठेवला. कप बशीवरून उठताना आणि परत टेकताना बारीक किणकिणला. खोली इतकी निवांत होती की ती किणकिण सगळ्यांना ऐकू आली. मग थांबली, आणि पुन्हा सुरू झाली.

बोटिल स्पीकरपासून वळली. तिने आधी हाताकडे आणि मग हाउकेकडे पाहिले. आणि हाउकेला हे आधीच ठाऊक आहे हे तिच्या ध्यानात आले. ती वडिलांशेजारी येऊन बसली.

"हा कुठला भुंगा, बाबा?"

"हा?" निसने कपाकडे पाहिले. "हा घरचाच आहे. हा राहू दे."

तिने त्याची बशी दोन बोटांनी धरली, म्हणजे कप टेकताना वाजू नये. थोड्या वेळाने, जणू काही सुचले म्हणून, तिने बोटे काढून घेतली आणि कप वाजू दिला. हाउके उठून रेकॉर्डच्या कप्प्याकडे गेला.

"काय लावू?" त्याने विचारले.

"घाई नको," निस म्हणाला. "जरा वेळ असंच ऐकू."